भर समुद्रांतील तहान

तहान म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वैशाखांतील रखरखीत ऊन, आटलेली विहीर किंवा वाळवंटांतला वाटसरू उभा राहतो. चोहोंकडे पाणीच पाणी असतां, सर्वांग पाण्यानें वेढलेलें असतां, एखादा मनुष्य पाण्यावांचून क्षीण होत असेल ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु समुद्रांत दहा, बारा, पंधरा तास अविरत पोहणाऱ्याची स्थिति नेमकी अशीच असते. त्याच्या शरीरांतील पाणी घटकेघटकेस कमी होत असतें. आणि आश्चर्य हें कीं, ही गोष्ट त्याची त्यालाच बहुधा कळत नाहीं. असें कां होतें, दीर्घ सागरतरणाचे शरीरावर कोणते परिणाम होतात, आणि त्यांचें निवारण कसें करतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आपल्यापैकीं कित्येकजण नदीकांठचे व खाडीकांठचे आहेत. पोहणें आपणांस नवें नाहीं. तेव्हां ही माहिती केवळ मनोरंजक न ठरतां प्रसंगीं प्राणरक्षकहि ठरेल.

सागरतरणाची हकीकत सांगतांना प्रारंभ इंग्लिश खाडीपासून करण्याचा प्रघात आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील डोव्हरची सामुद्रधुनी जेथें अत्यंत अरुंद आहे तेथें तिची रुंदी सुमारें ३३ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ २१ मैल, भरते. कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशानें २४ ऑगस्ट १८७५ रोजीं डोव्हर येथें पाण्यांत उडी घेतली आणि २१ तास ४५ मिनिटांनीं तो फ्रान्समधील कॅले येथें किनाऱ्यास लागला. कोणत्याहि कृत्रिम साधनाच्या आधारावांचून ही खाडी पोहून जाणारा तो पहिला मनुष्य होय. १९२६ सालीं गर्ट्रूड एडर्ले या अमेरिकन तरुणीनें तोच पराक्रम केला, आणि तोहि त्यापूर्वींच्या सर्व पुरुषांहून कमी वेळांत. आपल्या देशांतून मिहिर सेन यांनीं २७ सप्टेंबर १९५८ रोजीं १४ तास ४५ मिनिटांत, व आरती साहा यांनीं २९ सप्टेंबर १९५९ रोजीं १६ तास २० मिनिटांत ही खाडी पार केली. पुढें पुण्याचे रोहन मोरे यांनीं इंग्लिश खाडीसह जगांतील सात अवघड सामुद्रधुन्या व खाड्या पोहून जाण्याचा संकल्प २०१८ सालीं पूर्णत्वास नेला.

नकाशावर ३३ किलोमीटरांची रेघ सरळ दिसते, परंतु पोहणाऱ्याचा मार्ग तसा सरळ नसतो. भरती-ओहोटीचे प्रवाह त्याला आडवे लोटीत नेतात, आणि त्यामुळें कापावयाचें अंतर पुष्कळ वाढतें. मिनिटास साठ हात मारणारा मनुष्य चौदा तासांत पन्नास हजारांहून अधिक वेळां हात उचलून पाण्यांत घालतो. खांद्यांचे सांधे दुखूं लागतात. मान व कांख जेथें घासते तेथें खाऱ्या पाण्यानें कातडी सोलवटते. ओठ व जीभ सुजतात. घसा खरवडल्यासारखा होतो. हीं दुःखें मोठीं खरीं, पण तीं पोहणाऱ्यास जाणवतात, आणि जें जाणवतें त्याचा उपाय करतां येतो. खरा धोका जें जाणवत नाहीं त्यांत असतो. अशा न जाणवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: एक उष्णतेचा व्यय आणि दुसरा पाण्याचा व्यय. या दोहोंचा परस्परांशीं निकट संबंध असल्यामुळें प्रथम उष्णतेचा विचार करूं.

मनुष्याच्या शरीराची अंतर्गत उष्णता सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड असते. उन्हाळ्याच्या अखेरीसहि इंग्लिश खाडीचें पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपासच राहतें. इतक्याच उष्णतेच्या हवेंत आपण तासन्‌तास सुखानें फिरूं शकतों. परंतु पाण्याची गोष्ट निराळी. हवेच्या मानानें पाणी शरीरांतील उष्णता सुमारें पंचवीसपट वेगानें वाहून नेतें. या हल्ल्यापासून बचाव करण्याकरितां शरीर प्रथम त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचित करतें, म्हणजे रक्त थंड पृष्ठभागाकडे न जातां आंतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे राहतें. स्नायूंच्या श्रमानें उष्णता उत्पन्न होते ती निराळी. आणि त्वचेखालील मेदाचा थर गोधडीप्रमाणें उपयोगी पडतो. म्हणूनच इंग्लिश खाडींत उतरणारे लोक अगोदर कांहीं महिने हेतुपुरःसर वजन वाढवितात आणि थंड पाण्यांत रोज थोडा थोडा वेळ राहून शरीरास संवय लावितात. अंतर्गत उष्णता ३५ अंशांच्या खालीं उतरली म्हणजे मात्र प्रकरण गंभीर होतें. बोलणें अडखळतें, विचार मंदावतो, आणि आपली बुद्धि मंद झाली आहे हें ओळखण्याचें कामहि त्याच मंद बुद्धीस करावें लागतें!

मेदाचें महत्त्व आणि समुद्रांतील तहान या दोहोंचें एकाच वेळीं दर्शन घडविणारी एक घटना १९८४ सालच्या मार्च महिन्यांत घडली. आइसलंडच्या दक्षिणेस एक मच्छीमारी नौका रात्रीं बुडाली. तिच्यावरील एक तरुण खलाशी ५-६ अंश उष्णतेच्या पाण्यांत सुमारें सहा तास पोहून एकटाच जिवंत किनाऱ्यास लागला. पुढें डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां त्याच्या त्वचेखालील मेदाचा थर असाधारण जाड आढळला. परंतु किनाऱ्यास लागल्यावर त्यानें काय केलें, तें अधिक लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्वालामुखीच्या खडबडीत दगडांवरून अनवाणी गांवाकडे जात असतां मेंढ्यांसाठीं पाणी भरून ठेवलेला एक टब त्याच्या दृष्टीस पडला. पाण्यावर बर्फाची खपली धरली होती. थंडीनें मरणाच्या दारांतून परतलेल्या त्या मनुष्यानें मुठीनें तें बर्फ फोडलें आणि तो तें गोठवणारें पाणी प्याला! सहा तास पाण्यांत काढून बाहेर आलेल्या मनुष्यास पहिली निकड वाटली ती पाण्याची.

अंग इतका वेळ भिजत असतां तहान कां लागावी? कित्येकांची अशी समजूत असते कीं, त्वचेवाटे थोडेंबहुत पाणी आंत मुरत असावें. आणि पुष्कळ वेळ पाण्यांत राहिल्यावर बोटांवर पडणाऱ्या सुरकुत्या हा ते त्याचा पुरावा मानतात. परंतु ज्या बोटाची ज्ञानतंतूची जोडणी तुटलेली आहे, त्या बोटावर पाण्यांत सुरकुत्या पडत नाहींत, असें डॉक्टरांना आढळून आलें आहे. त्यावरून त्या सुरकुत्या ज्ञानतंतूंच्या आज्ञेनें रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळें पडतात, बोट पाणी प्याल्यामुळें नव्हे, हें सिद्ध होतें. तात्पर्य, त्वचा हें शरीराचें छप्पर आहे, तोंड नव्हे. बाहेर कितीहि पाणी असलें तरी तें पोटांत गेल्यावांचून रक्तास मिळत नाहीं.

उलटपक्षीं, आंतलें पाणी बाहेर जाण्यास अनेक वाटा मोकळ्या असतात. त्यांपैकीं पहिली वाट मूत्रपिंडांची. मनुष्य पाण्यांत शिरला म्हणजे भोवतालच्या पाण्याचा दाब त्याच्या हातापायांवर पडतो. त्यांत थंडीनें त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असतात. त्यामुळें हातापायांतील पुष्कळसें रक्त छातीकडे सरतें व हृदयाचे कप्पे अधिक ताणले जातात. चावडीवर गर्दी झाली म्हणून कांहीं गांवची वस्ती वाढत नाहीं. परंतु हृदयाची मात्र तशी समजूत होते. शरीरांत पाण्याचा सांठा फार झाला आहे असें समजून तें आपल्या अंतःस्रावाच्या द्वारें मूत्रपिंडांस पाणी व क्षार बाहेर टाकण्याची सूचना देतें. त्याच वेळीं पाणी राखून ठेवा असें सांगणारा मेंदूंतील अंतःस्राव कमी होतो. परिणामीं, पाण्यांत उतरल्यावर लौकरच लघवीची भावना होते. हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. त्याचें कारण हें असें आहे. ज्या पाण्याची पुढें निकड भासणार, तेंच पाणी शरीर आरंभींच उदार हस्तानें उधळून टाकतें.

दुसरी वाट घामाची. पोहतांना घाम येत नाहीं ही समजूत चुकीची आहे. श्रमानें शरीर तापलें कीं घाम हा यावयाचाच. फक्त तो निघतांक्षणींच समुद्रांत मिसळत असल्यामुळें दिसत नाहीं. पाणी जितकें ऊबदार व गति जितकी अधिक, तितका घाम अधिक. तिसरी वाट श्वासाची. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडी वाफ बाहेर जातेच. ही तूट एकेका श्वासास नगण्य असली तरी पंधरा तासांच्या हिशेबांत ती धरावी लागते.

चौथी वाट सर्वांत विपरीत. कारण तींत पाणी आंत घेतल्यानेंच पाण्याची तूट वाढते. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या रक्ताचा खारेपणा लिटरास सुमारें ९ ग्रॅम मिठाच्या द्रावणाइतका असतो. म्हणजे समुद्र रक्ताच्या जवळजवळ चौपट खारट. आपलीं मूत्रपिंडें क्षार बाहेर टाकूं शकतात खरीं, पण त्यांच्या शक्तीस मर्यादा आहे; समुद्राइतकें खारट मूत्र तीं तयार करूं शकत नाहींत. त्यामुळें एक लिटर समुद्राचें पाणी पोटांत गेलें, तर त्यांतील मीठ बाहेर टाकण्यास एक लिटराहून अधिक पाणी खर्चावें लागतें. जमेपेक्षां खर्च मोठा असा हा व्यापार आहे. सागरतरणपटु जाणूनबुजून समुद्राचें पाणी पीत नाहींत. परंतु श्वास घेण्यास तोंड उघडतांच एखादी लाट तोंडांत शिरते, आणि अशा शेंकडों घोटांची बेरीज होते. त्या खाऱ्या पाण्यानें मळमळ सुटते. वांती झाली म्हणजे अगोदर प्यालेलें गोडें पाणीहि त्याबरोबर जातें.

एवढी गळती चालू असतां पोहणाऱ्यास तहान लागून तो सावध कां होत नाहीं? येथेंच या विषयाचें मर्म आहे. जमिनीवर आपणांस सावध करणारे तीन पहारेकरी असतात: कोरडें पडलेलें तोंड, अंगावरून ओघळणारा घाम, आणि तहानेची जाणीव. समुद्रांत तोंड सदैव ओलें असतें. घाम दिसत नाहीं. आणि थंडीमुळें रक्त छातीकडे जमून राहिल्यानें पाणी पुरेसें आहे असाच मेंदूचा ग्रह होतो, म्हणून तहानेची भावनाहि बोथट होते. तिन्ही पहारेकरी निजलेले, आणि घरांत चोरी चाललेली! शरीराच्या वजनाच्या शेंकडा दोन भाग पाणी कमी झालें तरी दीर्घ श्रमाची शक्ति घटूं लागते. साठ किलो वजनाच्या मनुष्यास हें प्रमाण अवघें सव्वा लिटर होतें. रक्ताचें प्रमाण कमी झालें म्हणजे तेवढेंच काम करण्यास हृदयास अधिक वेगानें धडधडावें लागतें, स्नायु गळून जातात, डोकें दुखतें, मन निरुत्साही होतें. पोहणाऱ्यास वाटतें, आपलें धैर्य सुटत चाललें आहे. वस्तुतः धैर्य नव्हे, पाणी सरत आलेलें असतें.

हा झाला थंड समुद्राचा प्रकार. आपला समुद्र ऊबदार आहे. अंबा नदीच्या खाडींतील धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचें सुमारें ३६ किलोमीटरांचें अंतर आपल्याकडील अनेक जलतरणपटूंनीं पोहून काढलें आहे. तेथें गारठून जाण्याचें भय इंग्लिश खाडीच्या मानानें पुष्कळच कमी. परंतु पाण्याच्या व्ययाचें भय अधिक. घाम अंगावर सुकतो तेव्हां तो आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो, आणि म्हणूनच घामानें थंडावा येतो. पाण्यांत घाम सुकण्याचा प्रश्नच नाहीं. त्यामुळें ऊबदार पाण्यांत पोहणाऱ्याचा घाम निष्फळ जातो: पाणी खर्च होतें, थंडावा मिळत नाहीं. दाम गेला आणि मालहि हातीं लागला नाहीं, असा हा सौदा होतो. पाणी फारच ऊबदार असेल, तर श्रमानें उत्पन्न झालेली उष्णता बाहेर पडण्यास वाटच उरत नाहीं आणि शरीर आंतल्या आंत तापत जातें.

याचा दारुण प्रत्यय २३ ऑक्टोबर २०१० रोजीं संयुक्त अरब अमिरातींतील फुजैरा येथें आला. तेथें दहा किलोमीटरांच्या शर्यतींत फ्रान क्रिपेन हा २६ वर्षांचा नामांकित अमेरिकन जलतरणपटु मृत्यु पावला. पाण्याची उष्णता तीस अंशांच्या आसपास होती. शर्यतीच्या अखेरच्या भागांत तो दिसेनासा झाला, ही गोष्ट त्या क्षणीं कोणाच्याच लक्षांत आली नाहीं. इतर स्पर्धक किनाऱ्यास लागल्यावर शोध सुरू झाला. पुढें झालेल्या चौकशींत उष्णता व अतिश्रम यांची संभाव्य कारणांत गणना झाली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय जलतरण-संघटनेनें अशा शर्यतींसाठीं पाण्याच्या उष्णतेची कमाल मर्यादा ३१ अंश ठरविली. तरुण वय, उत्तम प्रकृति व वर्षानुवर्षांचा अभ्यास हीं तिन्ही असतांहि शरीराचे नियम कोणास सूट देत नाहींत, हा त्या घटनेचा बोध आहे.

आतां उपायांकडे वळूं. पोहतां पोहतां खाणेंपिणें कसें करतात, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. इंग्लिश खाडीच्या नियमाप्रमाणें पोहणाऱ्यानें सोबतच्या नावेस किंवा कोणा मनुष्यास स्पर्श करावयाचा नसतो. म्हणून दोरी बांधलेली बाटली पाण्यांत फेंकतात, अथवा लांब काठीच्या टोंकास पेला अडकवून पुढें करतात. पोहणारा उताणा होऊन किंवा उभ्यानें पाय हलवीत चारदोन घोट घेतो आणि पुन्हां मार्गस्थ होतो. फार वेळ थांबून चालत नाहीं. कारण हातपाय स्थिर झाले कीं अंग गारठतें आणि प्रवाह मागें लोटतो. कॅप्टन वेब याला वाटेंत कॉफी, मांसाचें सार, बिअर व ब्रँडी दिली होती. ब्रँडीनें ऊब येते असा त्या काळीं समज होता. प्रत्यक्षांत मद्यानें त्वचेकडील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्त थंड पृष्ठभागाकडे धांव घेतें, आणि ऊब वाटते तेवढा वेळ शरीर अधिकच निवत असतें. म्हणून आजचा विचारी जलतरणपटु मद्यास स्पर्श करीत नाहीं.

आज बहुधा दर अर्ध्या तासानें सुमारें २०० ते २५० मिलिलिटर कोमट पेय देतात. त्यांत पचण्यास हलकी अशी शर्करा असते व थोडे क्षार असतात. शर्करेचें कारण असें कीं, यकृत व स्नायु यांत सांठविलेलें ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचें तयार इंधन, सुमारें चारपांचशें ग्रॅमच असतें. तें कांहीं तासांच्या नेटाच्या श्रमांत संपत येतें. मेदाचा सांठा मोठा असला तरी तो सावकाश जळणारा आहे. ओल्या लांकडाप्रमाणें त्यास दुसऱ्या इंधनाची सोबत लागते. क्षारांचें कारणहि समजून घेण्यासारखें आहे. आंतड्यांत साखर व सोडियम बरोबर असलीं म्हणजे तीं परस्परांच्या साहाय्यानें रक्तांत शिरतात आणि आपल्यामागें पाण्यास ओढून नेतात. पटकीच्या व अतिसाराच्या रोग्यास देण्यांत येणारी जलसंजीवनी याच तत्त्वावर आधारलेली आहे. आपल्या घरीं आजाऱ्यास मीठ घातलेली पेज देतात, तिच्यामागेंहि हेंच शहाणपण आहे.

मात्र पाणी प्यावें म्हणून वाटेल तितकें प्यावें, असा याचा अर्थ नव्हे. अति तेथें माती ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. पोहणाऱ्यानें भीतीपोटीं नुसतें साधें पाणी अतोनात घेतलें, तर रक्तांतील सोडियमचें प्रमाण उतरतें. रक्त पातळ झालें म्हणजे पाणी पेशींत शिरून त्या फुगूं लागतात. मेंदू तर कवटीच्या बंद पेटींत असल्यामुळें त्यास फुगण्यास जागाच नसते. डोकेदुखी, मळमळ, भ्रम, आंचके आणि क्वचित् मृत्यु अशी त्याची परंपरा आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवरांत सुमारें २६ किलोमीटर पोहणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करण्यांत आली, तेव्हां कांहीं जणांच्या रक्तांत सोडियम कमी झालेलें आढळलें. स्त्रियांत हें प्रमाण अधिक होतें. उतरण्यापूर्वीं पोटभर पाणी पिऊन घेण्याची युक्तीहि हितकर नाहीं. कारण रक्त अगोदरच छातीकडे सरत असतां आणखी पाण्याचा भार पडला, तर क्वचित् फुफ्फुसांत पाणी झिरपून श्वास कोंडतो. तेव्हां थोडें थोडें व नियमितपणें, हाच मार्ग उत्तम. आपणांस किती पाणी लागतें हें ठरविण्याची रीत सोपी आहे. सरावाच्या दिवशीं पोहण्यापूर्वीं व नंतर अंग कोरडें करून वजन करावें. एक किलो वजन घटलें असेल तर, प्यालेल्या पाण्याखेरीज सुमारें एक लिटर तूट आली असें समजावें. वजन वाढलें असेल तर आपण गरजेहून अधिक प्यालों, हें उघड आहे.

किनारा लागला म्हणजे संकट संपलें, असेंहि समजूं नये. पाण्यांत असतां त्याचा दाब पायांतील रक्तास वर रेटीत असतो. पोहणारा वाळूवर उभा राहतांच तो आधार एकदम नाहींसा होतो आणि रक्त पायांकडे उतरतें. त्यांत इतक्या तासांत पाणी घटून रक्ताचें प्रमाणहि कमी झालेलें असतें. अशा वेळीं घेरी येऊन मनुष्य कोसळतो; दुर्बल झालेल्याचें हृदयहि बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून थंडीनें व श्रमानें ग्रासलेल्या मनुष्यास पाण्यांतून काढतांना शक्य तों आडवेंच उचलावें व आडवेंच निजवावें. दुसरी गोष्ट अशी कीं, थंड पाण्यांतून बाहेर आल्यावरहि कांहीं वेळ शरीराची अंतर्गत उष्णता खालींच जात राहते. याकरितां ओले कपडे ताबडतोब काढून कोरड्या ब्लँकेटमध्यें गुंडाळावें, वाऱ्यापासून आडोसा करावा, आणि शुद्ध असल्यास गोड कोमट पेय थोडें थोडें द्यावें. एकदम कढत पाण्यानें स्नान घालणें किंवा हातपाय जोरानें चोळणें धोक्याचें आहे.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा कीं, भर समुद्रांत पोहणाऱ्याच्या स्वतःच्या भावनेवर विसंबतां येत नाहीं. त्याला तहान लागत नाहीं, पण पाणी घटत असतें. त्याला ऊब वाटते, पण अंग निवत असतें. मी ठीक आहें असें तो म्हणतो, पण त्याच्या म्हणण्यास अर्थ उरलेला नसतो. म्हणून सोबतच्या नावेंतील मनुष्याचें महत्त्व पोहणाऱ्याइतकेंच असतें. तो घड्याळ पाहून पेय देतो, मागण्याची वाट पाहत नाहीं. मिनिटास किती हात पडतात हें तो मोजतो. साठांचे पन्नास झाले कीं तो सावध होतो. तो सोपे प्रश्न विचारतो आणि उत्तर बरोबर आलें कीं नाहीं याबरोबरच जीभ अडखळते कीं काय इकडे लक्ष ठेवतो. बोटें फांकून ताठरलीं काय, ओठ निळे पडले काय, पुष्कळ तासांत लघवी झाली कीं नाहीं, याची तो चौकशी करतो. आणि वेळ आली म्हणजे, पोहणारा नको नको म्हणत असतांहि, त्याला पाण्याबाहेर काढण्याचें कठोर कर्तव्य त्यालाच पार पाडावें लागतें.

अशी आज्ञा पाळण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आरती साहा यांचा पहिला प्रयत्न ऑगस्ट १९५९ मध्यें झाला. इंग्लंडचा किनारा अवघ्या कांहीं मैलांवर राहिला असतां प्रवाह उलटा फिरला आणि त्यांना तो सोडावा लागला. त्या वेळीं त्यांचें वय एकोणीस वर्षांच्या आंतच होतें. इतक्या जवळ येऊन परत फिरण्यास किती मनोनिग्रह लागला असेल याची कल्पना करावी. परंतु त्या परतल्या म्हणूनच महिन्याभरानें पुन्हां पाण्यांत उतरूं शकल्या, आणि तें यश मिळविणारी पहिली आशियाई स्त्री म्हणून त्यांचें नांव झालें. याच्या उलट, कॅप्टन वेब १८८३ सालीं नायगाराच्या धबधब्याखालील भोवऱ्यांत पोहण्याच्या साहसांत प्राणास मुकला. ज्या शरीरानें २१ तास समुद्रास दाद दिली नाहीं, त्याचाहि त्या पाण्यापुढें टिकाव लागला नाहीं.

मित्रहो, आपल्यापैकीं इंग्लिश खाडी पोहून जाणारा एखादाच निघेल. परंतु सुट्टींत खाडीच्या पैलतीरास जाण्याची पैज मारणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. एकट्यानें कधींहि दूर पोहूं नये. नाव व जाणता सोबती असल्यावांचून तर नाहींच. भरती-ओहोटीची वेळ जाणत्या कोळ्यास विचारल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. तासाहून अधिक पोहावयाचें असेल तर पिण्याचें पाणी, साखर व चिमूटभर मीठ बरोबर न्यावें, आणि तहान लागो वा न लागो, ठरल्या वेळीं तें घ्यावें. शेवटची गोष्ट ही कीं, नावेंतल्या सोबत्यानें "आतां पुरे" म्हटलें कीं मुकाट्यानें वर यावें. खाडी उद्यांहि तेथेंच असणार आहे. आपण सुखरूप असलों, तर ती पोहून जाण्याचा योग पुन्हां येईल.